पाठमोरा मुकरी



दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही नऊ-दहा जण रत्नागिरीत एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या पडवीत जमतो. आमच्या या जमण्याला नाव नाही. नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. चहा बाईंचा आणि खारे शेंगदाणे ज्याची पाळी असेल त्याचे. ज्याची पाळी त्यानं एखादा जुना सिनेमा किंवा जुना नट, जुनी नटी निवडायची आणि आपलं तिच्याशी नातं काय, ते सांगायचं. छायाचित्रण कसं होतं, पटकथा कुठं सैल पडली, यावर बोलायला बंदी आहे. एकदा एका प्राध्यापकमहाशयांनी तसं सुरू केलं, तेव्हा बाईंनी त्यांना वर्गातल्यासारखं थांबवलं. म्हणाल्या, "ते पेपरात येतं. तुमचं काय ते सांगा."

तुम्ही म्हणाल, रत्नागिरीच्या माणसाचं सिनेमाशी नातं ते काय असणार? मुंबई इथून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. पूर्वी बोटीचा प्रवास, तोही पावसाळ्यात बंद. सिनेमाची पेटी एस.टी.नं यायची. घाटात दरड कोसळली की पेटी अडकायची आणि टॉकीजच्या दारात माणसं एकमेकांना विचारत उभी राहायची, "पेटी आली का?" नट मंडळी आमच्याकडे आलीच तर नाटकाच्या प्रयोगाला, नाहीतर आंबे खायला. चिपळूणची गोष्ट वेगळी. डॉ. काशिनाथ घाणेकर मूळचे चिपळूणचे, त्यामुळे सत्तरी ओलांडलेला प्रत्येक चिपळूणकर त्यांचा एकेकाळचा शेजारी असतो. त्या हिशेबानं घाणेकरांचं घर केवढं लांबलचक असलं पाहिजे, याचा विचार मी सोडून दिलेला आहे.

पण नाती निघतात. आमच्यात एक आंब्याचे व्यापारी आहेत. दिलीपकुमार गेले तो दिवस ७ जुलै २०२१. कोरोनाचे दिवस, जमणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांना फोन करत होतो. जुहूच्या कब्रस्तानात त्याच दिवशी दफन झालं, ते घराघरांत टीव्हीवर पाहिलं. संध्याकाळी या व्यापाऱ्यांचा फोन आला. आवाज भरलेला. म्हणाले, "माझ्या आजोबांच्या पेट्या क्रॉफर्ड मार्केटला जायच्या हो." मला क्षणभर कळेना. मग उलगडा झाला. दिलीपकुमार म्हणजे युसुफ खान, त्यांचे वडील पेशावरचे फळांचे व्यापारी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात त्यांचा धंदा होता. आणि याच्या आजोबांचा हापूस तीस-चाळीसच्या दशकांत त्याच मार्केटात उतरत होता. म्हणजे आजोबांनी पेंढ्यात रचलेला आंबा त्या पठाणानं कधीतरी हातात घेऊन हुंगला असेल, त्यातला एखादा घरी नेला असेल, तो घरातल्या मुलानं खाल्ला असेल. यातलं सिद्ध काहीच करता येत नाही. पण तो माणूस त्या दिवशी घरातलं कुणी गेल्यासारखा बोलत होता, आणि मला काही त्याला पुरावा मागवेना. पुरावा मागण्याची माझी सवय का गेली, तेच आज सांगायचं आहे. म्हणजे गेली असं नाही, पण तिला मी जरा वेसण घातली.

त्याआधी बाईंचं सांगतो. बाईंचा सिनेमा 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, तेव्हा इथं या सिनेमाला घरचं कार्य असल्यासारखी गर्दी. बाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या. त्यांच्या आईनं मात्र सिनेमाला यायला साफ नकार दिला. पुस्तक वाचलेलं होतं. "ती मरते ते मला बघायचं नाही," म्हणाली. मग शेजारणीबरोबर या छोट्या बाई गेल्या आणि रात्री चुलीपुढं बसून आईला सगळा सिनेमा सांगितला. आईनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "लुगडं कसं नेसली होती?" आईची भूमिका करणाऱ्या वनमाला ग्वाल्हेरकडच्या, सरदार घराण्यातल्या, पदवीधर. कोकणातल्या गरीब घरची बाई त्यांना जमली का, हे त्या माउलीला लुगड्याच्या नेसण्यावरून ठरवायचं होतं. मुलीनं लक्षच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन आणे घेऊन तिला लुगडं बघायला पाठवण्यात आलं! बाई सांगतात, तो सिनेमा मी दोनदा पाहिला, एकदा रडायला आणि एकदा लुगड्यासाठी.

निवृत्त एस.टी. ड्रायव्हर आहेत, त्यांचा 'बॉम्बे टू गोवा', १९७२. मेहमूद कंडक्टर आणि त्याचा भाऊ अन्वर अली ड्रायव्हर. आमचे हे गृहस्थ तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि तो सिनेमा बघून ड्रायव्हर झाले. पण गेली पन्नास वर्षं त्यांची एक तक्रार कायम आहे. मुंबईहून बस गोव्याला निघाली आणि कशेडीचा घाट लागला नाही, हे कसं? मूळ गोष्ट 'मद्रास टू पाँडिचेरी' या तमिळ सिनेमाची, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "असेल. पण घाट चुकवून गोव्याला जाता येत नाही."

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे किस्से वाटतील. मलाही बरीच वर्षं तसेच वाटत. माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मी कोणाला निवडणार, असं सगळ्यांना वाटलं असेल? मी कवी, त्यातून मुसलमान. 'प्यासा' घेईन, नाहीतर 'मुघल-ए-आझम', नाहीतर मीनाकुमारी. मी मुकरी निवडला.

मुकरी आठवतो ना? 'अमर अकबर अँथनी'तला तय्यब अली. 'शराबी'तला मिशीवाला नत्थूलाल. 'पडोसन'मधल्या किशोरकुमारच्या टोळीतला एक. 'बॉम्बे टू गोवा'च्या त्या बसमध्येही तो होताच. उंची बेताची, गोल चेहरा, तोंडात दात कमी आहेत की काय असं वाटावं असं हसू. पन्नासेक वर्षं हा माणूस पडद्यावर दिसत राहिला आणि पोस्टरवर मात्र क्वचितच आला. पूर्ण नाव महंमद उमर मुकरी. जन्म १९२२ चा, उरणचं कोकणी मुसलमान घर. मुंबईत अंजुमन इस्लाम शाळेत युसुफ खान त्याच्याबरोबर शिकायला. सिनेमात येण्याआधी तो काझीचं काम करत असे, असं सांगतात. ते आडनावाला साजेसंच म्हणायचं, कारण अरबीत मुकरी म्हणजे कुराण पढायला शिकवणारा. १९४५ सालचा 'प्रतिमा' हा त्याचा पहिला सिनेमा, त्यातही दिलीपकुमार होताच. म्हणजे शाळेतली मैत्री पडद्यावर आली आणि 'आन', 'अमर' असं करत पुढं चालू राहिली.

आमच्या घरात या माणसाचं स्थान काय होतं, ते समजायला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणी, शाळेत मराठी, उर्दू मशिदीपुरती आणि सिनेमापुरती. हिंदी सिनेमात मुसलमान यायचा तो लखनौचा. शेरवानी, गालिचा, आदाब. 'चौदहवीं का चाँद' घ्या, 'मेरे मेहबूब' घ्या. आमच्या आजीला ते बघायला फार आवडायचं, पण ती माणसं आपल्यातली आहेत असं तिला कधी वाटलं नाही. आमच्या पुरुषांना लुंगी आणि बनियन, हाताला सुकटीचा वास. मराठी सिनेमात आम्ही यायचो ते शिवकाळात, दरबारात, दाढी लावून. पुढं पंढरपूरच्या जब्बार पटेलांनी 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन' केले, आमच्या घरात त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जाई. पण ते कॅमेऱ्याच्या मागं. पडद्यावर दिसणारा, घरी गेल्यावर आपल्यासारखीच बोली बोलत असेल असा माणूस आम्हाला एकच ठाऊक होता. तो हा, मुकरी.

आणि आमच्या मामूंनी त्याला हात दिला होता.

मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. जन्म १९३२ च्या सुमाराचा. विशीच्या आत मुंबईला गेले आणि भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचवर खलाशी म्हणून लागले. पुढं जहाजावर गेले, मग कुवेतला. परत आले ते ८५ साली, व्हीसीआर घेऊन. त्या काळात आमच्या मोहल्ल्यात आखातातून आलेल्या घरी व्हीसीआर असणं म्हणजे घरात टॉकीज असणं. शुक्रवारी रात्री सतरंजी टाकून पन्नास माणूस बसायचं. मोहल्ल्यातलं, पलीकडच्या वाडीतलं, कोणीही. चहा मामींचा. या बाबतीत मामी आणि बाई सारख्याच!

मामूंची गोष्ट अशी. 'मदर इंडिया' लागला त्या सालची ईद. मुकरी ईदेला उरणला घरी निघालेला. ओहोटीची वेळ, लाँच खाली गेलेली, धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. उंची कमी, पाय पोचेना. तेव्हा मामूंनी खालून हात दिला आणि त्याला उचलून लाँचवर घेतला. मग तो इंजिनाजवळ मामूंच्या शेजारी बसला आणि मोऱ्यापर्यंत कोकणीत गप्पा मारत गेला. ही झाली मूळ संहिता. पाठभेद पुष्कळ. कधी त्याच्या हातात मिठाईचा पुडा असायचा, कधी छत्री. कधी त्यानं मामूंना सिनेमाचा पास दिला, कधी पास देऊ केला आणि मामूंनी नाकारला. एका वर्षी तर दिलीपकुमारही धक्क्यापर्यंत पोचवायला आला होता, पण तो पाठभेद मामींनी चालू दिला नाही.

मी आठ वर्षांचा असताना मामू रजेवर आले होते, तेव्हा ते मला 'अमर अकबर अँथनी'ला घेऊन गेले. तय्यब अली पडद्यावर आला तसे मामू खुर्चीतून अर्धे उठले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "हा आपला. उरणचा." आम्ही रत्नागिरीचे. उरण आपलं कधी झालं, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. ऋषी कपूर त्या तय्यब अलीला गाण्यातून भर रस्त्यात डिवचतो, सगळी टॉकीज शिट्ट्या मारत होती. मामू एकटे गप्प बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्या माणसाला एवढं चिडवायला नको होतं."

आता माझा अपराध.

१९९१ साली मी गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून इतिहास घेऊन बी. ए. झालो. इतिहासाचा पदवीधर म्हणजे काय, तर साधनचिकित्सा. कोण सांगतो, केव्हा सांगतो, त्याला ते कळण्याची सोय होती का. शिकवलेलं सगळं मी घरातल्यांवर वापरून पाहत होतो. त्याच सुमारास मामूंचे काही सरकारी कागद भरायचे होते, ते माझ्याकडे आले. त्यात त्यांची जहाजाच्या नोकरीची पुस्तिका होती. पहिला शिक्का १९५५ चा. म्हणजे ५५ सालीच मामू लाँच सोडून जहाजावर चढले होते. आणि 'मदर इंडिया' लागला ऑक्टोबर १९५७ मध्ये. मला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

तोंड बंद ठेवायला काय हरकत होती? पण ईद आली. बासी ईदेला मामूंकडे सगळे जमलेले. त्यांच्या मुलीचं नुकतंच लग्न झालेलं, तिचे सासरे पहिल्यांदाच घरी आलेले. रात्री व्हीसीआरवर 'मदर इंडिया' लावला. मुकरी दिसला. सिनेमा थांबवून मामूंनी गोष्ट सुरू केली. ओहोटी, पायऱ्या, शेवाळ. हात देण्यापर्यंत आले आणि मी म्हणालो, "मामू, पण ५७ साली तुम्ही लाँचवर नव्हताच. तुमच्या पुस्तकात ५५ चा शिक्का आहे. मी बघितलाय."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग सगळे हसले. सर्वांत जास्त हसले ते नवे व्याही. मामूही हसले. "शिकलेला भाचा आहे बाबा," म्हणाले आणि सिनेमा पुन्हा सुरू करायला सांगितलं. थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बाहेर आले नाहीत. आई मला काही बोलली नाही. पण घरी जाताना वाटभर ती माझ्या पुढं चालत होती, बरोबर नाही.

त्यानंतर मामूंनी ती गोष्ट सांगितली नाही. शुक्रवारचे सिनेमे काही दिवस चालले, मग डिश अँटेना आल्या आणि ते बंदच पडले. कोणी मुद्दाम "मामू, ते मुकरीचं सांगा" म्हटलं तर ते म्हणत, "जाऊ दे रे, झाली त्याला बरीच वर्षं." माझ्याशी ते नेहमीसारखेच वागले. मला पहिलं पारितोषिक मिळालं तेव्हा त्यांनी पेन दिलं. पण मी आल्यावर ते सिनेमाचं काही बोलत नसत.

४ सप्टेंबर २००० ला मुकरी गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, लहानशी, आत कुठंतरी. मी कचेरीत वाचली आणि अर्धी रजा टाकून मामूंकडे गेलो. कशासाठी गेलो, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मामू पडवीत जाळं विणत बसले होते. गरज नव्हती, पण बोटं मोकळी ठेवायची नाहीत ही त्यांची सवय. मी पेपर पुढं केला. त्यांनी चष्मा लावून बातमी वाचली, मग पुन्हा वाचली. ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली. आणि म्हणाले, "उरणचा माणूस गेला."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तू म्हणालास ते खरं होतं. मदर इंडिया नव्हता. आन होता."

मी म्हणालो, "आन?"

"आन. पहिला रंगीत बघितलेला. पण आन आता कोणाला आठवतो? तुम्हा पोरांना मदर इंडिया ठाऊक. म्हणून मी मदर इंडिया केला."

'आन' १९५२ सालचा. म्हणजे मामू वीस वर्षांचे, लाँचवरच. बरोबर बसत होतं. मी मनात हिशेब करतोय हे त्यांनी ओळखलं असावं, कारण ते हसले आणि पुढचं सांगायला लागले. ईद नव्हती, साधा मंगळवार होता. पाऊस होता. त्या काळात मामू दुपारची फेरी संपली की धक्क्याजवळच्या एका इराण्याकडे सिलोन रेडिओ ऐकायला जात. त्याच वर्षी केसकर नभोवाणी मंत्री झाले होते आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशीच झाली होती. आकाशवाणीच्याच माइकपुढं बसून हे सांगताना मला जरा गंमत वाटते आहे! तर 'आन'मधलं नौशादचं गाणं ऐकून मामू लाँचवर परत आले. लाँच सुटायच्या बेतात होती. आणि पुढच्या बाजूला ताडपत्रीखाली एक बुटका माणूस कोट घालून समुद्राकडं तोंड करून उभा. कोणीतरी म्हणालं, अरे, हा मुकरी, आनमधला. उरणला घरी चाललाय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी त्याला मोऱ्यापर्यंत पाठमोरा बघितला."

"पुढं नाही गेलात?"

मामूंनी जाळ्याची गाठ घातली. "जायचं होतं रे. चार पावलं होती. पण मनात आलं, पुढं जाऊन बघितलं आणि तो नसलाच तर? मुंबईत आलो त्याला दोन वर्षं झाली होती. खोलीत सगळे आमच्या बोलण्याला हसायचे. नाकातून बोलतात म्हणायचे. आणि हा आपल्यातला माणूस दिलीपकुमारच्या शेजारी उभा राहतो, हे मला त्याच आठवड्यात कळलेलं. तो नसला असता तर मला परवडलं नसतं."

मोरा आलं, गर्दी उतरली, त्या गर्दीत तो कोटवाला उतरून गेला. हात देण्याचा प्रश्नच आला नाही. भरती होती.

मामू २००६ मध्ये गेले. ती गोष्ट त्यांनी त्यानंतरही चारचौघांत सांगितली नाही. मी एकदा म्हणालो, "मामू, पाठमोऱ्याचीच सांगा, ती जास्त चांगली आहे." त्यांना ते पटलं नाही. माझ्यासारख्या कवीला ती चांगली वाटत असेल. लोकांना हात दिलेलीच आवडते, असं त्यांचं मत होतं, आणि प्रेक्षकांची नस त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. माझ्या कवितांच्या श्रोत्यांची संख्या आणि मामूंच्या सतरंजीवरची संख्या यांची तुलना मी आजही करू धजत नाही.

तेव्हा बाईंच्या पडवीत माझी पाळी आली, तशी मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. हात दिलेली आणि पाठमोरी. माझी बासी ईदही सांगितली. ती सांगायला सर्वांत जड गेली. मामूंच्या नंतर मी ती कोणापुढंही काढलेली नव्हती. ऐकणाऱ्यांत मिरकरवाड्याचे एक तांडेल होते. नव्वदी जवळ आलेली आहे, पण पावसात होड्या वर ओढल्या की खलाशी टॉकीजला कसे तुटून पडायचे, हे त्यांच्याकडून ऐकावं. ते म्हणाले, "म्हणजे हात दिलाच नाय?" मी म्हटलं, नाही. ते फार निराश झाले.

मग नियमावर वाद सुरू झाला. हे नातं म्हणायचं का? ड्रायव्हर म्हणाले, तो माणूस मुकरी होता हे तरी कुठं सिद्ध झालंय? लाँचवर कोणीतरी म्हणालं, एवढंच. कोट घातलेली बुटकी माणसं मुंबईत पुष्कळ. आंब्याचे व्यापारी एकदम उसळून म्हणाले, मग माझ्या आजोबांच्या पेट्यांचं काय? त्या तरी कुठं सिद्ध झाल्यात? त्यांचं म्हणणं, निदान या मामूंनी पाठ तरी बघितली, माझ्या आजोबांनी तीही बघितली नाही. बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "कोट कुठल्या रंगाचा होता?"

मला सांगता येईना. मामूंना मी ते विचारलंच नव्हतं. साल विचारलं, वार कळला, भरती-ओहोटी कळली. कोटाचा रंग विचारायचं इतिहासाच्या पदवीधराला सुचलं नाही. बाई म्हणाल्या, "दोन आणे देऊन परत पाठवायला हवं तुम्हाला." आणि नातं मंजूर केलं.

गेल्या वर्षी एका कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो. उरणला माझं काम काही नव्हतं. ओहोटी होती. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, त्या मामूंनी सांगितल्या तशाच. एका खलाशी पोरानं वरच्या म्हातारीला खालून हात दिला, मग मला दिला. मी तो घेतला. खरं तर गरज नव्हती.

येत्या रविवारी तांडेलांची पाळी आहे. त्यांनी 'बॉबी' घेतला आहे. डिंपलशी त्यांचं काय नातं निघतं, ते अजून कोणाला कळू दिलेलं नाही. शेंगदाणे मात्र त्यांनी आत्ताच बाईंकडे आणून ठेवले आहेत.